रिव्हर्स लाइटचा बल्ब: होल्डरमध्ये बसला म्हणजे बरोबरच असतो का?

चाकोरी (धागाकर्ता)

रिव्हर्स लाइटचा बल्ब गेला की जुना काढायचा, दुकानात काउंटरवर ठेवायचा आणि 'असाच द्या' म्हणायचं. पद्धत सोपी आहे आणि बऱ्याचदा निभावतेही. फसगत होते ती दोन कारणांनी. एक तर गाडीत आधीच कोणीतरी चुकीचा बल्ब लावून ठेवलेला असतो आणि आपण त्याचीच नक्कल घरी आणतो. किंवा दुकानातून जो मिळतो तो होल्डरमध्ये नीट बसतो, पेटतोही, पण उजेड मूळच्या पाव किंवा सहावा हिस्सा पडतो. म्हणून आकारावर न जाता टोपीचा प्रकार, वॅट आणि व्होल्ट या तिन्ही गोष्टी जुळवाव्यात. हा धागा त्यासाठीच.

सगळ्यात आधी गाडीसोबत आलेलं मालक-पुस्तक काढा. शेवटच्या प्रकरणांत बल्बचा तक्ता असतो, त्यात रिव्हर्स किंवा बॅक-अप लाइटच्या ओळीत वॅट आणि प्रकार दिलेला असतो. पुस्तक हरवलं असेल तर दिवा बाहेर काढल्यावर मागच्या प्लास्टिकवर, बल्बच्या भोकाशेजारी, प्रकार ठशात उमटवलेला आहे का बघा. हे दोन्ही नसेल तरच बल्बच्या अंगावरचं वाचा. टोपीवाल्या बल्बवर ते टोपीच्या कडेला असतं, बिनटोपीच्या बल्बवर काचेच्या पायाजवळ बारीक अक्षरात. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की भिंगाची गरज पडत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांत रिव्हर्सला मुख्यतः तीनच बल्ब भेटतात.

पी२१डब्ल्यू. धातूची टोपी, व्यास १५ मिमी, वर साधारण २५ मिमीचा काचेचा गोळा. टोपीवर दोन पिना अगदी समोरासमोर आणि एकाच उंचीवर. बुडाला डागाचा (सोल्डरचा) एकच ठिपका. टोपीचं अधिकृत नाव बीए१५एस. दुकानात 'सिंगल पॉइंट २१ वॅट' म्हटलं की कळतं. १३.५ व्होल्टला ४६० ल्युमेन हा त्याचा ठरलेला उजेड.

डब्ल्यू१६डब्ल्यू. याला टोपीच नाही. काचच खाली चपटी केलेली, तिच्या दोन्ही अंगांना बारीक तारा वर दुमडलेल्या. दुकानातलं नाव 'कॅपलेस', पाकिटावर बहुधा टी१५. १६ वॅट, ३१० ल्युमेन.

डब्ल्यू२१डब्ल्यू. हाही कॅपलेस, पण अंगाने जाड, टी२०. २१ वॅट, ४६० ल्युमेन. पाय रुंद असल्याने टी१५ च्या होल्डरमध्ये जातच नाही, त्यामुळे इथे घोटाळा कमी.

टी पुढचा आकडा म्हणजे काचेच्या नळीचा मिलिमीटरमधला अंदाजे व्यास. हे एवढं लक्षात ठेवलं तर स्केलपट्टीनेही बल्ब ओळखता येतो.

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी म्हणजे टी१० आणि टी१५. टी१०, म्हणजे पार्किंगचा पाच वॅटचा डब्ल्यू५डब्ल्यू, आणि सोळा वॅटचा डब्ल्यू१६डब्ल्यू, या दोघांचा पाय तंतोतंत एकच आहे. एकाच्या होल्डरमध्ये दुसरा बिनतक्रार बसतो. रिव्हर्सला पाच वॅटचा लावला तर ३१० च्या जागी ५० ल्युमेन मिळतात. दिवा 'चालू' आहे, पण अंधाऱ्या गल्लीत मागची पायरी दिसत नाही. उलट केलं तर अधिक वाईट: पाच वॅटच्या खणात सोळा वॅटचा बल्ब तिप्पट उष्णता सोडतो, होल्डर ठिसूळ होतो आणि समोरचं प्लास्टिक वितळून फोड येतो.

---

लाल_पाना

चांगला धागा. हीच गोष्ट टोपीवाल्यांतही आहे, ती जोडतो.

बीए१५एस टोपी फक्त पी२१डब्ल्यूला नाही. पाच वॅटचा आर५डब्ल्यू आणि दहा वॅटचा आर१०डब्ल्यू यांनाही हीच टोपी. फरक एवढाच की त्यांचा काचेचा गोळा लहान, साधारण १९ मिमीचा. त्यांचा उजेड अनुक्रमे ५० आणि १२५ ल्युमेन. शेजारी ठेवून बघितलं तर फरक कळतो, एकटा बल्ब हातात आला तर नाही कळत. गोळा बघा, मग टोपीवरचा आकडा वाचा.

दुसरं, २४ व्होल्ट. ट्रक आणि बससाठी याच आकाराचा, याच टोपीचा, २१ वॅटचाच बल्ब २४ व्होल्टमध्ये येतो आणि त्याच दुकानात शेजारच्या खोक्यात असतो. कारमध्ये लावला तर निखाऱ्यासारखा पिवळालाल पेटतो. लोक मग वायरिंग शोधत बसतात. टोपीवर १२ व्होल्ट लिहिलंय ना, एवढं काउंटरवरच तपासा.

तिसरं, पिना. इंडिकेटरच्या पिवळ्या पीवाय२१डब्ल्यूच्या पिना समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या दोन तारांच्या (फिलामेंटच्या) पी२१/५डब्ल्यूच्या पिना खालीवर असतात आणि बुडाला दोन ठिपके. हे बल्ब रिव्हर्सच्या होल्डरमध्ये जाऊ नयेत म्हणूनच पिना अशा ठेवल्यात. तरीही पिन कानशीने घासून बल्ब दाबून बसवलेले होल्डर दिसतात. तसं केल्यावर स्प्रिंगचा ताण वाकडा पडतो, ठिपका मध्यावर टेकत नाही, ठिणगी उडत राहते आणि होल्डरचा तळ जळतो. असा होल्डर दिसला तर नुसता बल्ब बदलू नका, होल्डर बदला.

---

मृदगंध

माहितीपूर्ण. एक प्रश्न. काही गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर एकाच बाजूचा दिवा लागतो. दुसऱ्या बाजूला तसाच खण दिसतो पण तो पेटत नाही. तिथला बल्ब गेलेला समजायचा का?

---

चाकोरी

@मृदगंध, लगेच तसं समजू नका. युरोपच्या ज्या नियमावलीवर बऱ्याच गाड्यांचे दिवे बेतलेले असतात, तिच्यात सहा मीटरपर्यंतच्या कारला एकच रिव्हर्स लाइट सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. मागचा लाल फॉग लाइटही एकच दिला तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या, म्हणजे चालकाच्या बाजूला असावा लागतो. म्हणून कंपन्या एका अंगाला रिव्हर्स आणि दुसऱ्या अंगाला फॉग देतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवीकडे फॉग आणि डावीकडे रिव्हर्स अशी मांडणी सापडते.

ओळखायची खूण: न लागणाऱ्या खणात लाल बल्ब किंवा लाल काच आहे का, की होल्डरच्या जागी भोक बुजवलेलं आहे. काही मॉडेलांत खण सारखाच असतो, आत वायरच दिलेली नसते. तक्त्यात 'रिव्हर्स लाइट, १ नग' असं लिहिलेलं असेल तर विषय संपला.

---

शून्य_व्होल्ट

बल्ब विकत आणण्याआधी तो खरंच गेलाय का हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि ती घालवावीत. क्रम असा ठेवा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट किंवा दगड. इंजिन बंद, चावी 'ऑन'ला, गियर रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून आर ला आणावं लागतं, तेव्हा सोबत माणूस असू द्या. आता मागे बघा.

दोन्ही दिवे असलेल्या गाडीत दोन्ही एकदम गेले असतील तर बल्ब जवळजवळ कधीच दोषी नसतात. फ्यूज नाहीतर गियरबॉक्सवरचा स्विच. फ्यूज बघताना झाकणावरचा नकाशा नीट वाचा, कारण रिव्हर्स लाइटला बऱ्याच गाड्यांत स्वतंत्र फ्यूज नसतो, मीटर किंवा तत्सम दुसऱ्या सर्किटसोबत वाटून दिलेला असतो. फ्यूज उडालेला सापडला तर तेवढ्याच ॲम्पिअरचा लावा. तो पुन्हा उडाला तर थांबा. डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी, जिथे वायरचा गठ्ठा रोज वाकतो, तिथे कुठलीतरी वायर सोलवटून पत्र्याला लागलेली असते.

एकच गेला असेल तर बल्ब काढा. टोपीवाला असेल तर आत दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, मग ओढा. कॅपलेस असेल तर अजिबात फिरवू नका, सरळ ओढा. फिरवला तर काचेचा पाय होल्डरमध्ये तुटतो आणि तो काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं काम होतं.

काच बघा. तार तुटलेली दिसली तर निकाल लागला. आतून काळा-चंदेरी मुलामा चढला असेल तर टंगस्टन उडून उडून काचेवर बसलंय, बल्ब म्हातारा झालाय. आत पांढरी भुकटी असेल तर काचेला बारीक तडा जाऊन हवा शिरलीय. तो बल्ब तापलेला असताना गार पाण्याने फुटला असण्याची शक्यता मोठी, म्हणजे दिव्यात पाणी येतंय.

तार धड दिसत असेल तर मल्टिमीटर ओहमवर लावा. चांगला २१ वॅटचा बल्ब थंड असताना एक ओहमच्याही खाली दाखवतो. इथे बरेच जण 'शॉर्ट आहे' म्हणून चांगला बल्ब फेकून देतात. पेटल्यावर तार लाल-पांढरी तापते आणि तोच रोध सात ओहमच्या आसपास जातो. थंड तारेचा रोध इतका कमी असल्यामुळेच बल्ब पेटतानाचा पहिला झटका नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट असतो, आणि बल्ब बहुतेक वेळा पेटताना जातो, पेटलेला असताना नाही.

बल्ब चांगला आणि तरी अंधार, तर होल्डरमध्ये व्होल्ट मोजा. तिथेही १२ च्या आसपास येत असतील तर अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड) बघा. बल्ब लावून रिव्हर्स टाकलेला असताना मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थ वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्ट ठीक. ०.३ च्या पुढे गेलं तर अर्थचा बोल्ट सोडून पत्रा घासून पुन्हा आवळा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण बल्बचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड तीस टक्के कमी होतो. 'नवीन बल्ब लावला तरी मिणमिणता' या तक्रारीचं हेच कारण असतं.

अर्थ खराब असल्याची आणखी एक खूण: ब्रेक दाबला की रिव्हर्सचा दिवा मंद पेटतो, किंवा इंडिकेटरसोबत लुकलुकतो. करंटला घरी जायची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

---

सह्यकडा

+१. अर्थचा मुद्दा लाखमोलाचा.

---

चैत्रपालवी

एलईडी लावावा का? टी१५ आणि पी२१डब्ल्यू दोन्ही आकारांत ऑनलाइन भरपूर आहेत. पाकिटावर दोन-दोन हजार ल्युमेन लिहिलेलं असतं.

---

शून्य_व्होल्ट

@चैत्रपालवी, लावता येतो, पण पाकिटावरचे ल्युमेन वाचून लावू नका. ॲम्पिअर बघा. तीन-चार वॅट खाणारा एलईडी दोन हजार ल्युमेन देऊ शकत नाही. चांगला एलईडी बल्ब वॅटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन देतो, त्यात होल्डरमधली उष्णता वाढली की आणखी घट. ४६० ल्युमेनच्या जागी काही अर्थ यायचा असेल तर खरे पाच-सहा वॅट तरी हवेत, आणि तेवढी उष्णता बाहेर काढायला ॲल्युमिनियमचं अंग हवं.

त्याहून मोठी अडचण प्रकाश कुठून निघतो याची. दिव्याचा आरसा तारेच्या जागेभोवती बेतलेला असतो. साध्या बल्बची तार एका ठरलेल्या उंचीवर असते, तिथून निघालेला प्रकाश आरसा मागच्या रस्त्यावर पसरवतो. सगळ्या चिप टोकाला लावलेला एलईडी घेतला तर तो सरळ मागे एक झगझगीत ठिपका पाडतो आणि आरसा काळाच राहतो. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, तुम्हाला जमीन दिसत नाही. म्हणून चिप बाजूंना, तारेच्या उंचीवर असलेला घ्या. लांबीही मोजा, टी१५ च्या होल्डरमध्ये लांबुडका एलईडी समोरच्या काचेला टेकतो.

न पेटला तर फेकू नका. कॅपलेस एलईडीला बरेचदा प्लस-मायनसची बाजू असते, उपटून १८० अंश फिरवून लावा.

बल्ब गेल्याची सूचना देणाऱ्या गाड्यांत वेगळीच कटकट. गाडी बल्बमधून जाणारा करंट मोजते. साधा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन-दोन ॲम्पिअर घेतो, एलईडी अर्ध्याहूनही कमी. गाडीला वाटतं बल्ब गेला. काही गाड्या बंद दिव्यातही तपासणीसाठी बारीक झटके पाठवत राहतात, त्याने एलईडी हळूच लुकलुकतो. यावर उपाय म्हणून ६ ओहम ५० वॅटचा रोध समांतर जोडतात. तो १३.५ व्होल्टला सव्वादोन ॲम्पिअर घेतो आणि तीस वॅट उष्णता सोडतो. प्लास्टिकला किंवा वायरच्या गठ्ठ्याला बांधला तर ते वितळणार. पत्र्यालाच स्क्रूने आवळायचा. माझं मत विचाराल तर तारेचा बल्ब काढून एलईडी लावायचा, मग तारेइतकीच वीज जाळायला रोध लावायचा, यात हाताला काही लागत नाही. अशा गाडीत मूळ बल्बच ठेवा.

---

लाल_पाना

निळसर मुलाम्याच्या 'सुपर व्हाइट' बल्बबद्दलही लिहितो. तो मुलामा पिवळा भाग गाळून टाकतो, म्हणून उजेड पांढरा दिसतो. पण गाळला म्हणजे कमी झाला. रिव्हर्सला स्वच्छ काचेचाच घ्यावा. रंग पांढराच असावा लागतो हे तर आहेच. निळा, पिवळा चालत नाही.

---

खाडीकिनारा

कोकण, गोवा, मुंबईकडच्या गाड्यांसाठी थोडं. इथे बल्ब तारेने कमी आणि गंजाने जास्त जातो.

होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढलेला दिसला तर बल्ब बदलून महिनाभरात पुन्हा तेच. बारीक पॉलिश पेपर पेन्सिलच्या टोकाला गुंडाळून पट्टी चमकेपर्यंत घासा, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, सुकू द्या. कॅपलेसच्या होल्डरमधल्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर बारीक सुईने किंचित आत वाकवा. जास्त वाकवल्या तर बल्ब घालताना त्याच्या दुमडलेल्या तारा निघून येतात.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. होल्डरच्या मागची रबरी चकती आणि दिव्यामागचा फोमचा गॅस्केट, दोन्ही बघा. फोम एकदा दबून चपटा झाला की पुन्हा फुगत नाही. दिवा काढलाच आहे तर बदलून टाकावा. दिव्याच्या तळाला किंवा पाठीमागे हवा जायला लहान नळी किंवा भोक असतं. सगळं बंद करायच्या उत्साहात लोक तेही सिलिकॉनने बुजवतात. तसं करू नका. बल्ब पेटला की आतली हवा फुगते, विझला की आकसते. मोकळी वाट नसेल तर ती पाण्यासकट फटींतून आत ओढली जाते. सकाळी काचेच्या आत दिसणारं आणि दुपारपर्यंत उडून जाणारं हलकं धुकं हा दोष नाही. तळाला पाणी साचणं हा दोष आहे.

शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीस. होल्डरमध्ये भरपूर भरून टाका, पाणी येणारच नाही.

---

शून्य_व्होल्ट

@खाडीकिनारा, बाकी सगळ्याला सहमत, पण ग्रीस भरपूर भरायला माझा विरोध आहे. ते ग्रीस वीज वाहत नाही. पट्टी घट्ट असेल तर दाबाने ती ग्रीस बाजूला सारते आणि धातूला धातू टेकतो. जुन्या, सैल पट्टीत तेवढा दाब नसतो, मग मधे पापुद्रा राहतो. शिवाय २१ वॅटच्या बल्बची टोपी चांगलीच तापते, जास्तीचं ग्रीस पातळ होऊन आरशावर ओघळतं आणि ते कधी नीट पुसलं जात नाही. टोपीच्या कडेला आणि रबरी चकतीला बोटाने पुसट हात, बुडाच्या ठिपक्याला काहीच नाही. कपलरच्या (वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या) तोंडाला थोडं जास्त चालेल.

---

खाडीकिनारा

आरशावर ओघळण्याचा मुद्दा पटला. कपलरला भरपूर, होल्डरला पुसट, असं म्हणतो.

---

लेस्टरकर

इंग्लंडमधल्यांसाठी: २० मे २०१८ पासून एमओटी (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक) तपासणीत रिव्हर्स लाइट बघतात, १ सप्टेंबर २००९ किंवा त्यानंतर प्रथम रस्त्यावर आलेल्या गाड्यांचे. तपासणीच्या आदल्या रात्री भिंतीसमोर मागे घेऊन एकदा बघून घ्या. इथे सुट्या भागांच्या दुकानांत तीन आकडी क्रमांक चालतात: पी२१डब्ल्यूला ३८२, डब्ल्यू१६डब्ल्यूला ९५५, डब्ल्यू५डब्ल्यूला ५०१.

---

हडसनकाठ

अमेरिकेत आकडे पुन्हा वेगळे. पी२१डब्ल्यूच्या जागी ११५६, डब्ल्यू२१डब्ल्यूच्या जागी ७४४०, डब्ल्यू१६डब्ल्यूच्या जागी ९२१. उदाहरणार्थ २००९ ते २०१३ च्या अमेरिकी कोरोलाला रिव्हर्सला ९२१ लागतो, आणि तो डिकीच्या झाकणात आहे, कोपऱ्यातल्या टेललॅम्पमध्ये नाही.

इथला सापळा ९१२. दिसायला ९२१ चा जुळा भाऊ, पाय तोच, पण ९२१ एकवीस कँडलपॉवरचा (उजेड मोजायचं जुनं माप) आणि ९१२ बाराचा. अंक उलटसुलट वाचले जातात, म्हणून पाकीट दोनदा बघा. ३१५६ नावाचा प्लास्टिकच्या चपट्या पायाचा एक बल्बही अमेरिकी गाड्यांत खूप आहे. तो वरच्या कुठल्याच होल्डरमध्ये बसत नाही.

भारतातून येताना कोणी स्वस्तात बल्ब आणले तर १.४ ॲम्पिअरचा ९२१ आणि १६ वॅटचा डब्ल्यू१६डब्ल्यू एकमेकांच्या जागी चालतात. फरक नजरेला कळत नाही.

---

मृदगंध

दिवा बाहेर काढण्याबद्दल कोणी लिहील का? बल्बपेक्षा तीच भीती जास्त वाटते.

---

लाल_पाना

@मृदगंध, तीन तऱ्हा आहेत.

हॅचबॅकमध्ये मागचं दार उघडल्यावर दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू किंवा दहाच्या पान्याचे दोन बोल्ट दिसतात. ते काढले तरी दिवा हलत नाही, कारण बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या गोल डोक्याच्या खुंट्या रबरी भोकांत घट्ट बसलेल्या असतात. दिवा दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढायचा, हलके झटके देत. बाजूला उचकटायचा नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून तर नाहीच. रंग उडतो आणि खुंटी मोडते. थंडीत रबर कडक असतं, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं लावून ठेवा. निघताना दिवा वायरवर लोंबकळू देऊ नका.

सेदानमध्ये दिवा कोपऱ्यात असेल तर डिकीच्या आतून कापडी अस्तर मागे सारलं की होल्डर हाताला लागतो. दिवा काढायचीच गरज नसते. झाकणात असेल तर झाकणाच्या अस्तराच्या क्लिपा काढाव्या लागतात: मधली टिकली थोडी उचलायची, मग अख्खी क्लिप ओढायची. दोन-चार जास्तीच्या क्लिपा आधीच आणून ठेवा, जुन्या गाडीत एखादी तुटतेच.

तिसरी तऱ्हा बंपरमधल्या दिव्याची. हात खालून घालावा लागतो, कधी चाकामागचं प्लास्टिक सैल करावं लागतं. चिखल आधी धुवा, नाहीतर होल्डर काढताच तो आत पडतो.

काच फुटून टोपी होल्डरमध्येच राहिली तर फ्यूज काढा, हातमोजा घाला, लांब तोंडाच्या पकडीने टोपीची कड धरून दाबत उलट फिरवा.

---

गियरलिव्हर

दोन्ही दिवे बंद आणि फ्यूज ठीक असेल तर स्विचकडे वळा. मॅन्युअल गाडीत तो गियरबॉक्समध्ये पेचाने बसवलेला असतो, दोन वायरचा कपलर वर. कपलर काढा, वायरच्या बाजूच्या दोन पिना एका लहान वायरच्या तुकड्याने जोडा, चावी ऑन. दिवे लागले तर स्विच गेला. नाही लागले तर दोष पुढे वायरमध्ये. मात्र ही पद्धत जुन्या, थेट स्विचमधून वीज जाणाऱ्या गाड्यांसाठी. नवीन गाड्यांत स्विच फक्त कंट्रोल युनिटला इशारा देतो, तिथे आकृती बघितल्याशिवाय तुकडा जोडू नका.

बदलताना नवा स्विच हातात तयार ठेवा. जुना निघाला की भोकातून थोडं गियर ऑइल येऊ शकतं, खाली भांडं हवंच. वॉशर नवीन घालायचा. गियरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, सुरुवातीचे आटे हाताने बसवा आणि शेवटी बेताने आवळा. आटे गेले तर खर्च कुठल्या कुठे जातो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम गियरची जागा ओळखणारा स्विच करतो. तो बसवताना जुळवणी लागते, ती वर्कशॉपमध्येच करून घ्या.

ज्यांना मागे जादा ५५ वॅटचे दिवे लावायचे असतात त्यांच्यासाठी: दोन मिळून नऊ ॲम्पिअरच्या आसपास जातात. ते या स्विचमधून नेले तर स्विचचे पॉइंट जळणार. रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. आणि आधी मूळ दिव्यांच्या काचा पॉलिश करून, योग्य वॅटचे बल्ब लावून बघा. बहुतेक वेळा पुढची गरज उरत नाही.

---

चैत्रपालवी

मागचा कॅमेरा रिव्हर्स लाइटच्या वायरवरून वीज घेतो, बरोबर? बल्ब बदलल्याने त्यावर काही परिणाम?

---

शून्य_व्होल्ट

नंतर बसवलेला असेल तर बहुधा तिथूनच घेतो. बल्ब बदलल्याने काही होत नाही. पण उलट दिशेने होतं: कॅमेऱ्यासाठी वायर सोलून किंवा चिमटा-क्लिप लावून जोड दिलेला असतो, त्याच जागी तांबं काळं पडतं आणि दिवा मंदावतो. बल्ब बदलताना तो जोड शोधा, काळं पडलेलं तांबं कापून टाका, नीट डाग द्या आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. चित्रात आडव्या रेघा सरकत असतील तर गाडी दिव्याला वीज तुकड्यातुकड्यांत देतेय. कॅमेऱ्याला रिलेवरून वेगळी, सलग वीज द्या.

---

सह्यकडा

दुकानात नेमकं काय मागायचं ते एका वाक्यात सांगा, आईबाबांच्या गाडीसाठी पुढे पाठवतो.

---

चाकोरी

@सह्यकडा, तक्त्यात काय निघतं त्यावर.

टोपीवाला निघाला तर: 'बारा व्होल्ट, एकवीस वॅट, सिंगल पॉइंट, समोरासमोर पिना, साधी काच, दोन नग.'
कॅपलेस निघाला तर: 'बारा व्होल्ट, सोळा वॅट, टी१५ कॅपलेस, साधी काच, दोन नग. पाच वॅटचा पार्किंगचा नको.'
जाड कॅपलेस निघाला तर: 'बारा व्होल्ट, एकवीस वॅट, टी२० कॅपलेस, एका तारेचा.'

दोन्ही बाजूंना दिवे असतील तर जोडीनेच बदला, एक गेला की दुसराही तेवढाच वापरलेला असतो. काढलेला चालू बल्ब कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. आणि झाकण बंद करायच्या आधी, अस्तराच्या क्लिपा लावायच्या आधी, रिव्हर्स टाकून दिवा पेटतोय हे बघून घ्या.